पहिल्या हाकेची ओ

हे खरं आहे.

ज्याला खोटं वाटतं त्यानं सिहोऱ्याला उतरावं, मोठ्या बोडीचा रस्ता विचारत यावं आणि सुंदरबाईच्या तोंडावर म्हणून दाखवावं की बाई, तुम्ही बनवून सांगता. मग परत जाताना तोंड जागेवर राहतं का, ते ज्याचं त्यानं बघावं.

बोडी म्हणजे आमच्याकडे तलाव. मोठी बोडी किती जुनी, कोणालाच ठाऊक नाही. पाळीवरची झाडंच इतकी जुनी की त्यांच्या ढोलीत माणूस उभा राहील.

आणि आधीच सांगितलेलं बरं... हे रात्री घडलं नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना काळोख लागतो. हे दिवसाढवळ्या घडलं. घरात माणसं जेवत होती, चुलीवर कालवण रटरटत होतं, तेव्हा घडलं.

पोळा झाला होता. मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेऊन जाळला होता, रोगराई त्याच्यासंगं गेली असं सगळ्यांनी मानलं होतं. भादव्यातले ते घाणेरडे दिवस. पाऊस पडेना, ऊन निघेना. आभाळ असं, जसं कोणी न धुतलेलं फडकं डोक्यावर पसरून ठेवलं आहे.

त्या वर्षी बोडी ठेक्यानं सुंदरबाईच्या घराकडे होती. रोहू, कतला, माशांचं सगळं बी त्यांनीच टाकलं होतं. घर ढिवराचं, पिढ्यान् पिढ्या मासेमारीवर जगलेलं. मुलगा गोपीचंद मासळीची गाडी घेऊन बाजार फिरायचा. सून रीना घर बघायची. आणि या सगळ्यांना सुंदरबाई बघायची.

दुसरीपर्यंत शिकलेली बाई. पण तिनं "बस" म्हटलं की पाहुणाही बसायचा आणि कुत्राही.

नातू भूपेंद्र नागपूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. ती नोकरी सोडून तो घरी आला.

"मासे मीच पाहीन आजी," तो म्हणाला. "पण माह्या पद्धतीनं."

त्याची पद्धत म्हणजे एक डबा. धानाच्या कोठीशेजारच्या खोलीत त्यानं तो ठेवला. त्याला म्हणायचा सर्व्हर. तारा, दिवे, पंख्याची घरघर. सुंदरबाईला तो डबा पहिल्या दिवसापासून किळसवाणा वाटायचा. गरम श्वास सोडायचा तो. आजारी जनावरासारखा.

भूपेंद्रनं तिला तो समजेल असा समजावला होता.

डब्याच्या आत वेगवेगळ्या खोल्या आहेत. त्यांना म्हणायचं मॉड्यूल. एका खोलीकडे बोडीत सोडलेल्या सेन्सरवरून पाण्यातली हवा मोजायचं काम. एकीकडे पाणी घुसळणाऱ्या चकरीचं. एकीकडे भोंग्याचं. पाण्यातली हवा कमी झाली की पहिली खोली हाक मारते. ज्याचं काम असेल त्या खोलीनं दहा सेकंदांच्या आत ओ द्यायची. ओ दिली की काम सुरू.

"आन् नाई देल्ली त?"

"तर सर्व्हर समजते, हा मेला. त्याले सोडून पुढे जाते. त्याले टाइमआउट म्हणतात."

"बरं हाय," सुंदरबाई म्हणाली. "तुह्या बापालेबी असंच लावलं पाह्यजे होतं."

बोडीवर राखणीला इतवारी असायचा. म्हातारा माणूस, फोनवरचं वाचता यायचं नाही. त्याला कळावं म्हणून भूपेंद्रनं पाळीवरच्या झोपडीवर भोंगा बांधला आणि स्वतःचा आवाज त्यात भरून ठेवला. डब्यानं हाक ऐकली की भोंग्यातून भूपेंद्रचा आवाज निघायचा.

"ओ..."

एवढंच. घरात कोणी बोलावल्यावर तो द्यायचा तशीच, लांब, जराशी आळसावलेली.

मग चकरी फिरायला लागायची.

इतवारी हसायचा. "बाबू घरी झोपून राह्यते आन् ओ बोडीवर देते!"

सगळं ठीक होतं. मग ते अंधारलेले दिवस आले.

ऊन नाही म्हणजे पाण्यातलं शेवाळ हवा सोडत नाही. सकाळ झाली तरी मासे वरच. तोंडं पाण्याबाहेर काढून आ वासायचे, मिटायचे, आ वासायचे. आणि चकरी फिरेना. भूपेंद्रच्या पडद्यावर लाल ओळी पडत राहिल्या. टाइमआउट. टाइमआउट. टाइमआउट.

तो खोलीतून निघेना. जेवण तिथंच, झोप तिथंच.

"काहून बे, आंघोळ केली का आज?"

"आजी, काम चालू आहे."

"काम चालू असलं म्हणजे अंगाले पानी चालत नाई का? खोलीत पाय ठेवला का सडल्या झिंग्याचा वास येते."

एका सकाळी इतवारी धावत आला. सुंदरबाई स्वतः बोडीवर गेली.

पाळीच्या कडेला मासे उलटे पडले होते. पांढरी पोटं. डोळ्यांवर साय आलेली. माशा इतक्या, की मासे हलत आहेत असं वाटावं. जन्म माशात गेला होता बाईचा, पण त्या वासानं तिनं पदर नाकाला लावला. हा नुसता मेलेल्या मासळीचा वास नव्हता. त्याच्या खाली आणखी एक वास होता. जुना. गाळातला. कोणी खूप दिवस बंद ठेवलेलं तोंड उघडावं तसा.

अजून सगळे मासे मेले नव्हते. पण असे दोन-चार दिवस गेले असते तर वर्ष संपलं असतं.

भूपेंद्रनं कुलदीपला बोलावलं.

कुलदीप त्याचा नागपूरच्या कंपनीतला सोबती. बाप जवाहरनगरच्या फॅक्टरीत, राहणं क्वार्टरमध्ये, बोलणं अर्धं शहरी. मोटारसायकलवर आला आणि बुटासकट घरात शिरला.

"ते चामडं बाहेर काढ," सुंदरबाई म्हणाली. "का तुमच्या क्वार्टरमंदी चुलीपर्यंत बूट घालूनच जातात?"

"सॉरी आजी."

"सारीबिरी बाहेर सांग. पाय धुऊन ये."

कुलदीप पाय धुऊन आला, डब्यासमोर बसला, आणि थोड्या वेळानं खदाखदा हसायला लागला.

"अबे भुप्या! हे काय लिहून ठेवलं बे? पहिल्या हाकेला गप्प, दुसऱ्या हाकेला गप्प, तिसरी आली तरच ओ?"

भूपेंद्रनं मान खाली घातली.

"मासे सेन्सरले अंग घासतात," तो पुटपुटला. "मागच्या हप्त्यात खोट्या हाका यायला लागल्या. म्हणून..."

"म्हणून नाही. खरं सांग."

"...आजीचा नियम आहे."

सुंदरबाईची मान ताठ झाली.

नियम तिचा नव्हता, तिच्या सासूच्याही आधीचा होता. पाण्यावरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारेल. जे माणूस नसतं... ते तिसऱ्यांदा मारत नाही. ढिवराच्या पोराला हे चालायच्या आधी शिकवतात. भूपेंद्रनं कॉम्प्युटर लिहितानाही ते हातातून सुटू दिलं नाही.

"माहा नातू होये तो," ती म्हणाली.

"हो आजी, पण त्याच्यापायीच मासे मरून राहिले ना! पहिल्या हाकेला हा गप्प. दहा सेकंद गेले, सर्व्हरनं टाइमआउट मारला. मग पुढची हाक पुन्हा पहिलीच धरते. तिसरी येणारच कशी?"

भूपेंद्र पडद्यावरच्या त्या दोन ओळींकडे पाहत राहिला.

"आणि नियम माणसाचा आहे ना?" कुलदीप म्हणाला. "इथं हाक मारून राहिली मशीन. ओ देऊन राहिली मशीन. मधात भूत कुठून घुसते?"

सुंदरबाईनं विचार केला. नाकातून तो वास अजून गेला नव्हता.

"मशीनले काय बाधते," ती शेवटी म्हणाली. "काढून टाका."

भूपेंद्रनं दोन ओळी खोडल्या.

तेवढंच केलं त्यानं. दोन ओळी.

लगेच बोडीकडून आवाज आला. "ओ..." आणि चकरी फिरायला लागली.

पडद्यावरच्या लाल ओळी थांबल्या. संध्याकाळपर्यंत मासे खाली गेले. रीनानं रोहूचं कालवण केलं. कुलदीपनं बोटं चाटली, आणि सुंदरबाईनं त्याला बुटांची माफी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले होते.

"ओ..."

भोंगा.

भूपेंद्रनं कान दिला. चकरीचा आवाज यायला हवा होता.

आला नाही.

त्यानं हात धुतला, पडद्यावर पाहिलं. पाण्यात हवा भरपूर होती. चकरीची गरजच नव्हती.

"मंग हाक कायची आली?" सुंदरबाईनं विचारलं.

"रिकामी आहे आजी. हाक आहे, पण तिच्यात काही सांगितलंच नाही."

"मासा घासला असेल," कुलदीप म्हणाला आणि पुन्हा जेवायला बसला.

"ओ..."

मग थोड्या वेळानं पुन्हा.

"ओ..."

आता एक गोष्ट लक्षात घ्या. डब्यातली हाक माणसाला ऐकू येत नाही. ती तारेतून जाते. ऐकू येते फक्त ओ. तुमच्या शेजारी बसलेला माणूस एकदम "ओ" म्हणाला, आणि तुम्ही तर कोणाची हाक ऐकली नाही... तर कसं वाटेल?

तसं वाटत होतं. सगळ्यांना. पण घास कोणी थांबवला नाही.

इतवारी घरी आला. दारातच उभा राहिला.

"बाबू, मले ओ कायले देऊन राहिला?"

"तुमाले नाही देत काका. मशीनले देऊन राहिलो."

"मशीनले नाई देत." म्हाताऱ्यानं ओठ चाटले. "मशीनले देते तवा चकरीकडं तोंड रायते आवाजाचं. आता... पान्याकडं आहे."

"भोंगा वाऱ्यानं फिरला असेल."

"वारा कुठी हाय बाबू?"

वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं.

भूपेंद्र आणि कुलदीप बोडीवर गेले. पाण्यातून सेन्सर काढला. त्याच्यावर बोटभर जाड, केसासारखं काहीतरी गुंडाळलं होतं. काळं, बुळबुळीत. कुलदीपनं ते ओढलं तर ते ताणलं गेलं, तुटेना, आणि हाताला असं चिकटलं की त्यानं पाळीच्या गवतावर हात घासून घासून लाल केला. घरी येऊन तीनदा साबण लावला. वास गेला नाही.

सेन्सर पुसून कोरड्या बादलीत, ओसरीवर ठेवला. तार काढलेली.

आता हाक मारायला कोणीच उरलं नव्हतं.

सुंदरबाई ओसरीवर बसून बादलीकडे पाहत होती.

"ओ..."

बोडीकडून. स्पष्ट.

कुलदीप आतून ओरडला, "घाबरू नका आजी! जुन्या हाका आहेत. ज्या हाकेला ओ मिळाली नाही ना, ती सर्व्हर फेकत नाही. रांगेत ठेवून देते. आता भुप्यानं गप्प बसायचा नियम काढला, तर रांगेतल्या सगळ्या एकेक करून निघून राहिल्या. रांग संपली की थांबेल."

"किती हाय रांगेत?"

आतून नुसती बटणांची टकटक आली.

"मी विचारलं, किती हाय?"

सुंदरबाई उठून आत गेली. दोघं पोरं पडद्यासमोर बसली होती. कोपऱ्यात एक आकडा होता. ती आकडे वाचू शकायची. हा आकडा तिला वाचता येईना, इतका लांब होता.

आणि तो वाढत होता.

"मशीन लावून दोन महिने नाही झाले आजी," भूपेंद्र हळूच म्हणाला. "एवढ्या हाका... दोन महिन्यांत होतच नाहीत."

"कोनं मारल्या, ते लिहून नसते का?"

"असते. सेन्सरचा नंबर असते." त्यानं बोट ठेवलं. "इथं जागा रिकामी आहे."

सुंदरबाई त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली.

बोडी किती जुनी, कोणालाच ठाऊक नाही. आणि तिच्यावरून आलेल्या पहिल्या हाकेला... या गावात कोणीच कधी ओ दिली नव्हती.

आता सगळ्यांना मिळत होती. तिच्या नातवाच्या तोंडानं.

"बंद कर ते," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"सेन्सर परत पाण्यात सोडतो. पण मशीन बंद केलं तर चकरी बंद होईल. मासे मरतील आजी. फक्त भोंगा बंद करतो."

भोंग्याची खोली त्यानं काढून टाकली. इतवारीनं शिडी लावून भोंगाही खाली उतरवला आणि घरी आणून ओसरीवर ठेवला. तोंड भिंतीकडे करून.

भोंग्याच्या आतून पाणी गळत होतं. पाणी कसलं... पिवळट, शेंबडासारखं, तार धरणारं. रीनानं ते पोछ्यानं पुसलं आणि पोछाच उकिरड्यावर फेकला.

बोडीवर शांतता झाली.

रात्र सरली. काही झालं नाही. सकाळ झाली. काही झालं नाही. कुलदीप म्हणाला, "संपला बरं प्रॉब्लेम," आणि बूट घालून निघायच्या तयारीला लागला.

"जेवून जा," सुंदरबाई म्हणाली.

पुन्हा दुपार. पुन्हा सगळे पाटावर. भूपेंद्र समोर बसला होता, भाताचा मोठा घास तोंडात.

कोणी त्याला बोलावलं नव्हतं. कोणी काही बोलतच नव्हतं.

भूपेंद्रनं मान वर केली.

"ओ..."

तोंडातला भात खाली पडला. त्याच्या डोळ्यांत काही नव्हतं. ओठ उघडेच राहिले, गोल, माशासारखे. मग मिटले. मग पुन्हा गोल.

"ओ..."

आणि भातामागून गाळ आला. काळा, दाट, सडका. ताटात पडला. त्याच्यात काहीतरी बारीक वळवळत होतं.

रीना किंचाळली. कुलदीप उठून बाहेर पळाला आणि तुळशीजवळ ओकला.

सुंदरबाई उठली नाही, किंचाळली नाही. तिनं नातवाचा जबडा धरला, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि तोंडात घातलं. जीभ हिरवी झाली होती. तिच्यावर शेवाळ होतं, मऊ, दाट, बोडीच्या दगडावर असतं तसं. बाईनं ते खरवडलं. मीठ लावून खरवडलं.

"शी!" ती दात चावून म्हणाली. "शी! माह्या लेकराच्या तोंडात मुतले का रे मेल्यांनो?"

"ओ..." भूपेंद्र तिच्या बोटांमागून म्हणाला.

"आई," रीना रडत म्हणाली, "ते मशीन..."

"जा ना मंग! मले काय विचारून राहिली? तोड!"

रीनानं आत जाऊन तार ओढली. दिवे विझले. पंखा थांबला. त्या खोलीत इतक्या दिवसांनी पहिल्यांदा आवाज नव्हता.

भूपेंद्रचं तोंड मिटलं.

तो इकडेतिकडे पाहायला लागला. ताटाकडे पाहिलं, आजीच्या हाताकडे पाहिलं.

"काय झालं?" त्यानं विचारलं. आवाज फाटलेला, घासलेला.

"काई नाई," सुंदरबाई म्हणाली. "तोंड धू."

कुलदीप गेला. चकरीची तार थेट बटणाला जोडून इतवारीला सांगितलं, आता हातानं बटण दाबून चालव. मासे जगले तर जगले. भूपेंद्रला चहा दिला, तुळशीचा काढा दिला, अंगणात खाट टाकून झोपवलं. सुंदरबाई खाटेशेजारीच बसली.

जरा वेळानं ती चुलीवरचं दूध पाहायला आत गेली.

परत आली तर खाट रिकामी.

तिन्हीसांज व्हायला अजून वेळ होता. उजेड होता. ती तशीच, अनवाणी, बोडीच्या पाळीवर चढली.

चकरी फिरत होती. इतवारी बटण दाबून कुठं गेला होता कोण जाणे. पाणी फेसाळत होतं. म्हणजे हवा होती, भरपूर होती.

तरीही मासे वर होते.

सगळे. कडेपासून मधापर्यंत. पाणी दिसत नव्हतं, नुसती तोंडं. गोल उघडी, मिटलेली, उघडी, मिटलेली. आणि प्रत्येक तोंड पाळीकडे वळलेलं. घराकडे. त्यांचा तो चपचप, चपचप आवाज... जेवणाऱ्या माणसांच्या घाणेरड्या पंगतीसारखा.

"भुप्या!" तिनं हाक मारली.

"ओ..."

पाण्यातून.

समोरून, मधून. त्याचाच आवाज. लांब, जरासा आळसावलेला.

बाईचा पाय पाण्यात पडला. घोट्यापर्यंत. खाली गाळ नव्हता, काहीतरी मऊ होतं, जे पायाखाली हललं.

"भुप्या रे!"

"ओ..."

आता जवळून. हातभरावरून. चपचप थांबली होती. सगळी तोंडं उघडी, थांबलेली. वाट पाहत.

तिसरी हाक तिच्या ओठांवर आली होती.

ती तिथंच थांबली. का थांबली, हे तिला आजही सांगता येत नाही. दोनदा हाक मारली होती तिनं. तिसऱ्यांदा जे माणूस असतं तेच मारतं. आणि तिला एकदम वाटलं... समोर जे आहे, ते तिची तिसरी हाक मोजत आहे, ही माणूस आहे याची खात्री करायला. तिनं नातवाला मोजायला शिकवलं होतं तसंच.

तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.

मागून कोणीतरी तिचा पदर ओढला.

भूपेंद्र.

तो तिच्या मागंच उभा होता. ढोलीच्या झाडाला टेकून. कधीपासून उभा होता कोण जाणे. कपडे कोरडे. तोंड उघडं होतं, गोल, आणि त्यातून आवाज निघत नव्हता. गळ्याची शीर ताणून ताणून तो ओरडत होता, पण आवाज... आवाज तिकडे होता.

सुंदरबाईनं पाय उपसला. पायाला ते केसासारखं काळं गुंडाळलं होतं, ते तसंच घेऊन ती चालली. नातवाचा कान धरला, लहानपणी धरायची तसा, आणि मागं न पाहता घरापर्यंत ओढत आणला.

मागं पाणी शांत होतं. एक मासाही उडाला नाही.

पाय तिनं राखेनं घासला. रक्त येईपर्यंत.

त्या वर्षी मासे मेले नाहीत. उलट असे पोसले की व्यापारी आश्चर्य करत होते. गोपीचंदनं सगळी मासळी दूरच्या बाजारात विकली. गावात एक तुकडाही विकू दिला नाही सुंदरबाईनं. घरात तर बोडीची मासळी अजून शिजली नाही. रीनानं एकदा एक कतला चिरायला घेतला होता. त्याच्या घशात काय होतं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. कोयता मात्र धुऊन न ठेवता विहिरीत टाकला.

डबा कुलदीप घेऊन गेला. उघडून पाहिला, म्हणतो की आत काही बिघाड नव्हता. रांगही नव्हती. रिकामी होती. सगळ्या हाकांना ओ मिळाली होती, असं तो म्हणतो. हे सांगताना तो आनंदानं सांगत नाही.

भूपेंद्रचा आवाज परत आला. हळूहळू, घोगरा. डॉक्टरनं घशाला सूज म्हटली. तो बोलतो, हसतो, मोबाइलवर खेळतो. फक्त कोणी बोलावलं तर "ओ" म्हणत नाही. "काय" म्हणतो. "हाव" म्हणतो. तो शब्द त्याच्या तोंडातून येतच नाही. जणू तो दिलेला आहे कोणाला.

सुंदरबाईनंही घरात कोणाला नावानं हाक मारणं सोडलं.

कारण पहिल्या महिन्यात एकदा ती त्याला जेवायला बोलवायला दारात गेली. अजून तोंड उघडलं नव्हतं तिनं. नाव अजून जिभेवरही आलं नव्हतं.

बोडीकडून आवाज आला.

"ओ..."

भूपेंद्र तिच्यासमोर पायरीवर बसला होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं. त्यानंही ऐकलं. त्यानं आजीकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. मी नाही.

तेव्हापासून ती बोलवत नाही. ताट वाढून झालं की ताटावर पळी वाजवते. टण टण. नातू, सून, मुलगा, सगळे समजतात आणि येतात. शेजारणी हसतात. "काय वो सुंदरबाई, घर हाय का देऊळ?" ती त्यांना असं काही उत्तर देते की पुन्हा विचारायची सोय राहत नाही.

वर्षभर हे चाललं. ठीक चाललं.

परवा दुपारी तिनं भात वाढला. वरण वाढलं. पळी उचलली.

अजून वाजवली नव्हती...

"ओ..."

यावेळी बोडीकडून नाही.

कोठीशेजारच्या त्या रिकाम्या खोलीतून.